सोसायटी, शाळा आणि ज्येष्ठांचा गट: नाटक निवडताना तुम्ही काय बघता?

विंगेतली

नमस्कार मंडळी. नाशिकला आमच्या वसाहतीत गणपतीत दरवर्षी एकांकिका होते. यंदा उत्साह वाढलाय आणि तीन गट तयार झालेत. पाचवी ते आठवीची तीसेक मुलं, नोकरी-धंदा सांभाळून येणारे आम्ही आठ जण (सहा पुरुष, दोन बायका) आणि ज्येष्ठांचा गट. ज्येष्ठांत आजोबा तीन आणि आज्या नऊ.

सध्या गाडं अडलंय ते संहितेवर. ज्येष्ठांना 'नटसम्राट' करायचंय. तात्यासाहेब शिरवाडकर नाशिकचेच, त्यामुळे इथे त्या नाटकाबद्दल वेगळीच माया आहे. मुलांच्या पालकांना 'संदेश देणारं' काहीतरी हवंय. आमच्या गटात 'तुझे आहे तुजपाशी' की 'शांतता! कोर्ट चालू आहे' यावर रोज रात्री व्हॉट्सॲपवर खडाजंगी चालते. जागा म्हणजे वसाहतीचा हॉल. स्टेज उथळ आहे, विंगा दोन्ही बाजूंना एकेकच. दिवे भाड्याने आणू.

तुम्ही नाटक कसं निवडता? नावं सुचवाच, पण का सुचवताय तेही लिहा.

नेपथ्यवाला_काका

ताई, नाटकांची यादी बाजूला ठेवा आणि आधी माणसांची यादी करा. कोणाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, कोणाचं पाठांतर पक्कं आहे, कोण तालमीला वेळेवर येतं, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. हौशी संस्थांची फसगत बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. आपण कधीतरी पाहिलेला एखादा गाजलेला प्रयोग डोक्यात असतो आणि तोच पुन्हा उभा करायला जातो. तो प्रयोग त्या नटांचा होता. तुमच्याकडची माणसं वेगळी आहेत आणि नाटक त्यांच्या अंगाला बसायला हवं.

'नटसम्राट'बद्दल स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ते एकट्या अप्पा बेलवलकरांच्या, म्हणजे नायकाच्या, छातीवर पेललेलं नाटक आहे. तीन अंक, लांबलचक स्वगतं, चढ-उतार सगळे त्यांच्याकडे. तुमच्या गटात बारा माणसं. एक बेलवलकर, एक कावेरी, आणि उरलेल्या आठ आज्यांनी काय करायचं? शिवाय डिसेंबर १९७० मध्ये हे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं तेव्हा अप्पा करणारे डॉ. श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते. 'संध्याछाया'तली नानी विजयाबाई मेहतांनी केली तीही चाळिशीच्या आसपास. म्हातारपणाची आपली बहुतेक मोठी नाटकं मधल्या वयाच्या नटांच्या दमसासावर उभी राहिली आहेत. ती पंच्याहत्तरीच्या माणसाला आपोआप सोपी जातील असं समजू नका.

गोदाकाठ

मी याच वसाहतीतला, ज्येष्ठांच्या गटातला. वय ७४. नेपथ्यवाला, तुमचा अनुभव मोठा असणार, पण आमच्याबद्दल आमच्या वतीने ठरवू नका. आयुष्यभर बँकेत खाली मान घालून आकडे लिहिले. आता आम्हाला मोठं नाटक करायचं असेल तर "तुमचा दमसास पुरणार नाही" म्हणून छोटंसं काहीतरी हातात द्यायचं, हे मला पटत नाही. अप्पांची स्वगतं मला आजही पाठ आहेत.

नेपथ्यवाला_काका

गोदाकाठ साहेब, तुमची इच्छा लहान आहे असं मी म्हटलं नाही. मोठं नाटक जरूर करा. माझा मुद्दा बाकीच्या अकरा जणांचा आहे. तुम्हाला स्वगतं पाठ आहेत तर त्यांचा प्रवेश स्वतंत्र सादर करा, पंधरा-वीस मिनिटं, आणि पूर्ण ताकदीने. लोक ऐकतील. पण गटाचं नाटक निवडताना प्रत्येकाला तालमीला यावंसं वाटेल असं काम मिळायला हवं. "बाहेर कोणीतरी आलंय" एवढं एक वाक्य बोलायला दोन महिने कोणी येत नाही, आणि का यावं?

डोंबिवलीची_माई

माझं वय ६८. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी नाटकं बसवते, म्हणून या धाग्यावर लिहायलाच हवं.

पहिली गोष्ट, ज्येष्ठांना फक्त ज्येष्ठांची दुःखं देऊ नका. मुलगा परदेशी, सून बोलत नाही, वृद्धाश्रमाची पायरी. आमच्या गटात एक वर्ष लागोपाठ तसलीच संहिता वाचायला येत होती. शेवटी एक बाई म्हणाल्या, "हे घरी आहेच की, इथे मला नटायचंय." तेव्हापासून आम्ही प्रेम, संशय, लबाडी, फजिती असलेलं शोधतो. देवलांचं 'संशयकल्लोळ' केलं तेव्हा तर सगळ्यांच्या अंगात आलं. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या: सगळी नावं महिन्यांची नाहीतर नक्षत्रांची, त्यामुळे लक्षात राहतात. एका तसबिरीवरून नवरा बायकोवर आणि बायको नवऱ्यावर संशय घेते. हाच संशय सत्तरीतली जोडपी खेळू लागली की प्रत्येक वाक्य नव्याने हसवतं. रेवतीचं काम आमच्याकडे ७१ वर्षांच्या बाईंनी केलं, मोगऱ्याचा गजरा माळून, आणि कोणालाही ते खटकलं नाही. पदं दोन-तीनच ठेवली, ज्यांना गाता येतं त्यांनीच म्हटली.

पुरुष कमी असले तरी अडायचं कारण नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे निव्वळ बायकांच्या नाटक मंडळ्या होत्या. त्यात नायकाची कामंही बायकाच करत. तुमच्या नऊ आज्यांत एक तरी फाल्गुनराव नक्की निघेल.

आता व्यवहाराचं. पूर्ण ब्लॅकआऊट करू नका. उजेडातून एकदम अंधार झाला की आमच्या वयात डोळ्यांना जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि पायरी चुकते. प्रवेश बदलताना मंद निळा दिवा ठेवा, लेव्हलच्या, म्हणजे स्टेजवरच्या चौथऱ्याच्या, कडेला चमकणारी पट्टी लावा. लेव्हल टाळता आली तर उत्तमच. बैठकीचं दृश्य जमिनीवर नको, हाताची खुर्ची हवी, धरून उठता येतं. एंट्रीच्या एक वाक्य आधी चालायला सुरुवात करायची, म्हणजे संवाद लोंबकळत नाही.

प्रॉम्प्टिंगचा प्रश्न मोठा. कानाला यंत्र असलेल्या माणसाला विंगेतली कुजबुज ऐकूच येत नाही. मोठ्याने सांगितलं तर प्रेक्षकांना आधी कळतं. आम्ही प्रॉम्प्टरलाच नाटकात घेतो. कधी मुनीम, कधी कारकून, कधी पोथी वाचणारी आत्या. हातात कागद असणं शोभेल असं पात्र रंगमंचावर बसवायचं आणि समोरच्याचा शब्द अडला की तिने प्रश्न विचारल्यासारखा तो पुढे करायचा. संहितेची प्रत मोठ्या ठशात छापा, पानाच्या एकाच बाजूला. आणि कॉलर माईक पैठणीच्या पदराखाली लावू नका, जरीची खरखर सगळ्या हॉलभर ऐकू येते.

विंगेतली

माई, हा प्रतिसाद मी छापून आमच्या गटाला देतेय. निळ्या दिव्याचं कधी सुचलंच नसतं. मुलांबद्दल कोणी लिहील का?

सांगलीची_बाई

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. सांगलीची आहे, त्यामुळे १८४३ मध्ये इथे मराठी नाटकाची सुरुवात करणाऱ्या विष्णुदास भावे यांच्यापासून सुरुवात करायचा मोह होतो, पण तो आवरते.

शाळेच्या नाटकात माझा सगळ्यात मोठा आक्षेप रेकॉर्ड केलेल्या संवादांना आहे. आधी स्टुडिओत आवाज भरायचा, मग स्टेजवर मुलांनी नुसते ओठ हलवायचे. पालकांना ऐकू नीट येतं, पण मुलाला नाटकातून जे मिळायचं ते नेमकं तिथेच काढून घेतलं जातं. समोरचा चुकला तर सावरायचं, प्रेक्षक हसले तर थांबायचं, शब्द विसरला तर आपल्या शब्दांत पुढे जायचं. मुलांचा आवाज पोचत नसेल तर वीस मिनिटांचं नाटक दहा मिनिटांचं करा, पण बोलू द्या.

संदेशाबद्दल. झाडं लावा, पाणी वाचवा हे मुलांना वर्गात रोज सांगतोच. नाटकात त्यांना चेटकीण हवी, राक्षस हवा, भांडण हवं. रत्नाकर मतकरींची 'निम्मा शिम्मा राक्षस' आणि 'अलबत्त्या गलबत्त्या' अजून का चालतात ते बघा. तीस मुलं असतील तर पाच मुलांना संवाद आणि पंचवीस झाडं असली विभागणी करू नका. माधव साखरदांडे यांचं 'दुर्गा झाली गौरी' पहा, त्यात भरपूर मुलं नाचत-गात गोष्टीचा भाग होतात. सई परांजपे यांची बालनाट्यंही चांगली आहेत. तेंडुलकरांनी मुलांसाठी लिहिलेलं फार कमी शाळा काढून वाचतात, ते वाचा.

आणखी एक वाट आहे आणि ती मला सगळ्यात आवडते: दिवाकरांच्या नाट्यछटा. दिवाकर म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे, पुण्यात शिक्षक होते. एकच पात्र बोलतं, समोरचा माणूस दिसत नाही, पण तो काय म्हणतोय ते बोलणाऱ्याच्या उत्तरांतून कळतं. नेपथ्य नको, वेशभूषा नको, पाच मिनिटांच्या आत संपते. आठवीची मुलगी 'पंत मेले - राव चढले' तयार करते तेव्हा तिला समोर माणूस नसताना त्याच्याकडे बघायला शिकावं लागतं. पहिल्या आठवड्यात सगळी मुलं प्रेक्षकांकडेच बघतात. मी एक रिकामी खुर्ची ठेवते, तिच्यावर कोणाचा तरी शर्ट अडकवते. नंतर शर्ट काढते, मग खुर्ची काढते. नजर तिथेच राहते. भाषा शंभर वर्षांपूर्वीची आहे, म्हणून दोन तास अर्थ समजावण्यात जातात. ते तास वाया जात नाहीत.

कायद्याचं_बोला

परवानगीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो, आणि ती वर्षं निधनाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. त्यामुळे किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर, दिवाकर हे सगळे आता मोकळे आहेत. मामा वरेरकर १९६४ मध्ये गेले, त्यांची नाटकं २०२५ च्या सुरुवातीपासून मोकळी झाली. अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत त्यांच्या नाटकांना परवानगी लागेल. शिरवाडकर, कानेटकर, दळवी, तेंडुलकर, पु. ल., मतकरी यांना तर लागतेच. जुन्या नाटकाची कोणी अलीकडे नवी रंगावृत्ती केली असेल तर त्या आवृत्तीवर त्या माणसाचा हक्क असतो. मूळ संहितेवरूनच काम करा.

१९५७ च्या कायद्यातल्या ५२ व्या कलमात दोन सवलती आहेत. शाळेचे विद्यार्थी आणि कर्मचारी यांनी शाळेच्या उपक्रमात केलेला प्रयोग, प्रेक्षक शाळेतलेच आणि पालक असतील तर, हक्कभंग ठरत नाही. हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांना दाखवलेला प्रयोगही त्यात बसतो. तिकीट लावलं, प्रायोजकाचा फलक लावून बाहेरची माणसं पैसे घेऊन बोलावली किंवा प्रयोग यूट्यूबवर टाकला की गणित बदलतं. स्पर्धेत उतरलात तर लेखकाचं परवानगीपत्र मागतातच. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हा वेगळा विषय आहे. आयोजकांनी त्याची चौकशी आधी करावी.

सवलत असली तरी लेखकाला किंवा वारसांना पत्र पाठवा आणि जमेल तेवढं मानधन द्या. मराठीत नाटक लिहून घर चालवणं किती कठीण आहे हे आपल्यालाच माहीत.

आंत्रुज

फोंड्याहून लिहितोय. आमच्याकडे जत्रेतलं नाटक आणि कला अकादमीच्या स्पर्धेतलं नाटक या दोन निवडी पूर्ण वेगळ्या. देवळासमोरच्या मांडवात रात्री उशिरा पडदा उघडतो, समोर तान्ह्या पोरापासून पणजीआजीपर्यंत अख्खा गाव. तिथे मोठ्या आवाजाचं, गाण्याचं, ऐतिहासिक-पौराणिक नाटकच तगतं. स्पर्धेला तोच गट एकदम वेगळं काही घेऊन जातो. म्हणून विंगेतली, तुमचे प्रेक्षक कोण हे माणसांच्या यादीइतकंच महत्त्वाचं आहे. गणपतीत आरती झाल्यावर लहान मुलं मांडीवर घेऊन बसलेले लोक 'शांतता' कसं बघतील याचा विचार करा.

अटलांटिकपार

अमेरिकेतल्या मराठी मंडळाकडून एक छोटी भर. इथे वाढलेल्या मुलांना मराठी बोलता येतं पण देवनागरी वाचता येत नाही. आम्ही आधी संहिता आवाजात रेकॉर्ड करून देतो, मुलं गाणं पाठ करावं तसे संवाद ऐकून पाठ करतात. रोमन लिपीत लिहून दिलं की 'त' आणि 'ट' यांचा घोळ कायमचा बसतो. निवडताना आम्ही लांब वाक्यांची नाटकं सोडतो, बाकी निकष तुमचेच.

विंगेतली

सगळ्यांचे आभार. मुलांचं ठरलं: सहा नाट्यछटा, आणि त्यांना जोडणारा बाजाराचा देखावा, म्हणजे उरलेली मुलं भाजीवाले, हेलकरी, पोस्टमन होतील आणि सगळे बोलतील. पालकांना सांगलीच्या बाईंचा प्रतिसाद वाचून दाखवला.

आता आमच्या गटाचं सांगा. सहा पुरुष, दोन बायका.

प्रकाशझोत

सहा पुरुष आणि दोन बायका हे 'शांतता'चंच पात्रबळ आहे. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक, रोकडे, सामंत. आणि बेणारे व मिसेस काशीकर. शेवटी डोकावणारे गावकरी कोणीही चालतील. देखावा म्हणजे एका गावातला हॉल. तुमच्या हातात खराखुरा हॉल आहेच. भिंतीवर पुढाऱ्यांच्या तसबिरी, चार खुर्च्या, एक टेबल. इतकं स्वस्त आणि तरी पूर्ण नेपथ्य दुसऱ्या कुठल्या मोठ्या नाटकाला चालेल असं मला वाटत नाही.

आणि हे नाटक हौशी नटांबद्दलच आहे. ठरलेल्या प्रयोगाआधी वेळ काढायला म्हणून हौशी मंडळी खोटा खटला उभा करतात, आणि खेळता खेळता बेणारेबाईंना खरोखर कोंडतात. तुमच्या गटातले हिशेब, मानापमान, कोण कोणाला गृहीत धरतो, हे सगळं तालमीत वर येईल. दिग्दर्शकाने ते हळुवारपणे सांभाळायला हवं.

एकच गोष्ट जपा: दाराची कडी. सुरुवातीला तिच्यात बेणारेचं बोट सापडतं, पुढे तेच दार बाहेरून लागतं. हॉलचं दार नुसतं ढकलून बंद होणारं असेल तर खरी लोखंडी कडी बसवून घ्या, तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. आणि सामंताचा हिरवा कापडी पोपट आयत्या वेळी आणू नका, तालमीच्या पहिल्या दिवसापासून हातात द्या.

आंत्रुज म्हणतात ते खरं आहे. गणपतीच्या मांडवात हे नाटक नको. दिवाळीनंतर वेगळी तारीख घ्या, आणि यात भ्रूणहत्येचा आरोप येतो हे निमंत्रणातच लिहा.

जाईजुई

मला 'तुझे आहे तुजपाशी'ची बाजू घ्यायचीय. त्यालाही एकच देखावा लागतो, काकाजींचा दिवाणखाना. पण त्यात काकाजी आणि आचार्य वयाने मोठे, श्याम, उषा, गीता, सतीश तरुण. मग ज्येष्ठांचा आणि मधल्यांचा असे दोन गट करायचेच कशाला? गोदाकाठ आजोबांना काकाजी द्या. "मोठं नाटक हवं" म्हणाले ना? हे मोठंच आहे. ज्या वसाहतीत लिफ्टमध्येही वेगवेगळ्या वयाची माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे सत्तरीचा आणि पंचविशीचा माणूस दोन महिने एकत्र तालीम करतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. 'वाडा चिरेबंदी' तर त्याहून पुढचं: आतल्या खोलीतून वेळ विचारणाऱ्या दादीपासून पराग-रंजूपर्यंत चार पिढ्या एका घरात.

नेपथ्यवाला_काका

जाईजुई, हा विचार मला फार आवडला. 'वाडा'ला मात्र घाई करू नका, वऱ्हाडी बोलीला कान तयार व्हावा लागतो.

एक विनंती. नाटक लांब वाटलं तर एखादा प्रवेश उडवून 'संक्षिप्त' करू नका. पूर्ण झेपत नसेल तर एकांकिका निवडा. तेंडुलकर, एलकुंचवार, आळेकर यांच्या एकांकिकांत अर्ध्या-पाऊण तासाचं पूर्ण नाटक मिळतं.

गोदाकाठ

काल माईंचा प्रतिसाद आमच्या कट्ट्यावर वाचला. दोन वहिनींनी फाल्गुनरावांसाठी आत्ताच नाव दिलंय आणि दोघींत कोण हे वाचनाच्या दिवशी ठरेल. भादव्या मी करीन. काकाजींचं पुढच्या वर्षी बघू. अप्पांचा प्रवेश मात्र मी सोडणार नाही, तो वेगळा करणारच.

विंगेतली

तर असं ठरलंय. गणपतीत मुलांच्या नाट्यछटा, आजोबांचं स्वगत, आणि दुसऱ्या दिवशी 'संशयकल्लोळ'. 'शांतता' दिवाळीनंतर, परवानगीचं पत्र या आठवड्यात जाईल. लोहाराकडे कडीचं सांगितलं.

माई, एक विचारायचंय. 'संशयकल्लोळ'च्या जुन्या प्रतीतले स्वगत संवाद, जे पात्र बाजूला तोंड करून बोलतं, ते आज्यांना अवघड जातायत. वळायला वेळ लागतो आणि तोल जातो. ते काढून टाकू का?

डोंबिवलीची_माई

काढू नकोस गं, सगळी गंमत त्यातच आहे. वळायला सांगूच नकोस. हातात पंखा दे. समोरच्याशी बोलताना पंखा खाली, मनातलं बोलताना पंखा गालाला आडवा. फाल्गुनरावाला उपरण्याचं टोक दे. पहिल्या वाचनापासूनच तशी सवय लाव, खुर्चीवर बसूनच.